कोपरा शिकवणाऱ्याला जूनमध्येच बोलवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचा हंगाम आला की आपल्या क्रीडा पानावर सामन्यांच्या बातम्या सुरू होतात. त्यांची घडण ठरलेली असते. अमक्या महाविद्यालयाने तमक्यावर इतक्या गुणांनी मात केली, अमक्याने चौफेर चढाया केल्या आणि शेवटी अर्धे वाक्य, 'त्याला पकडीत तमक्याची चांगली साथ लाभली.' हे पत्र त्या 'चांगल्या साथी'विषयी, म्हणजे बचावाविषयी, आणि ती शिकवणाऱ्या माणसाविषयी आहे.

पुरुषांचा सामना वीस-पाच-वीस मिनिटांचा, चढाई ३० सेकंदांची. सरळ भागाकार केला तर ४० मिनिटांत ८० चढाया बसतात, त्यातल्या निम्म्या समोरच्या संघाच्या. आपल्या चढाईला एकेक जण जातो, पण समोरच्याची चढाई आली की आत असतील तेवढे सगळे बचावात. महाविद्यालयाच्या सरावात मात्र हिशेब उलटा चालतो. दीड तासातला तासभर चढाईला जातो आणि शेवटी दमलेल्या पोरांना सांगितले जाते, 'चला, आता जरा पकडी घ्या.'

एका पकडीचा गुण एकच, हे खरे. पण त्याबरोबर समोरचा हुकमी चढाईपटू बाहेर बसतो आणि आपला बाद झालेला एक जण आत येतो. आत तीन किंवा त्याहून कमी जण असताना पकड साधली तर ती अव्वल पकड, तिचे दोन गुण. शिवाय त्या वेळी अंगावर येऊ घातलेला लोण (सगळा संघ बाद होणे) टळतो, त्याचेही दोन. गुणफलक या गोष्टी एकत्र दाखवत नाही, म्हणून प्रेक्षकालाही त्या दिसत नाहीत.

छोट्या महाविद्यालयात बचावाच्या प्रशिक्षकाला बोलावणे येते ते स्पर्धेच्या तारखा लागल्यावर, जेमतेम तीन आठवडे आधी. तेवढ्या काळात चढाईला धार लावता येते. चढाई एकट्याची असते आणि पोरगा ती गल्लीत, गावच्या जत्रेतल्या स्पर्धेत खेळून अंगात घेऊनच येतो. सात जणांचा बचाव घरून कुणी घेऊन येत नाही. मोहोळचा डावा कोपरा (बचावाच्या ओळीच्या टोकाचा खेळाडू), बार्शीचा मध्यरक्षक आणि शहरातला उजवा कोपरा प्रथमच एका ओळीत उभे राहतात, तेव्हा प्रत्येकाची पकडीला जाण्याची वेळ वेगळी असते. ती वेळ एक करायला काय लागते, ते एका पकडीपुरते तरी सांगितले पाहिजे.

घोट्याची पकड घ्या. पुरुषांच्या मैदानाचा अर्धा भाग साडेसहा मीटर खोल. मध्यरेषेपासून निदानरेषा (चढाईपटूने निदान एकदा ओलांडायची रेषा) ३.७५ मीटरवर, बोनस रेषा (जिच्यापलीकडे पाय टाकून जादा गुण मिळू शकतो ती) तिच्या मागे एक मीटर म्हणजे ४.७५ वर, आणि तिच्या मागे अंतिम रेषेपर्यंत उरतात १.७५ मीटर. कोपरारक्षकाचे घर त्या पट्ट्यात. आता पावणेसहा फुटी चढाईपटू घोटा धरला गेल्यावर मध्यरेषेकडे पडला आणि हात लांबवला, तर घोट्यापासून बोटांच्या टोकापर्यंत साधारण सव्वादोन मीटर भरतात. पाय बोनस रेषेवर धरला असेल तर त्याला अडीच मीटर कमी पडतात. तोच पाय निदानरेषेवर धरला तर कमी पडते दीड मीटर, आणि दीड मीटर म्हणजे चांगल्या अंगाच्या पोराची एक उसळी. म्हणून पकड कशी केली याइतकेच ती कुठे केली याला महत्त्व आहे. नवखा कोपरारक्षक हाताच्या टप्प्यात पाय दिसला की झेपावतो. अनुभवी एक पाऊल मागे सरतो आणि चढाईपटूला आणखी अर्धा मीटर आत येऊ देतो. हे मागे सरणे शिकवणे सगळ्यांत अवघड आहे, कारण पोराला ते भित्रेपणा वाटते आणि बाहेर बसलेले मित्र ओरडत असतात, 'धर, धर!'

दुसरी गोष्ट पायावरच्या वजनाची. चढाईपटू पायाचा स्पर्श करायला किंवा बोनस घ्यायला पाय पुढे टाकतो. त्या पायावर वजन येण्याआधीच्या क्षणी घोटा दोन्ही पंजांत आला तर तो उचलता येतो, छातीशी ओढता येतो. वजन पडल्यावर तोच पाय खांबासारखा होतो, मग घोटा सोडून मांडीला जावे लागते. धरलेला पाय जमिनीवरच राहिला तर चढाईपटू त्याच पायावर गिरकी घेऊन निसटतो. पकड चुकते ती बहुतेक वेळा तीन कारणांनी. हात पुढे आणि अंग मागे राहते. घोटा एकाच हातात येतो. किंवा डोके गुडघ्याच्या रेषेत राहते, आणि तेव्हा पकड तर सुटतेच, वर भुवईही फुटते. डोके नेहमी गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, हनुवटी छातीशी.

आणि एवढे जमूनही पकड पूर्ण होत नाही. कोपऱ्याने पाय धरला की कव्हरने (कोपरा आणि मध्यरक्षक यांच्या मधल्या बचावपटूने) एक मोजेपर्यंत पोचायला हवे. तेही पायावर नव्हे, चढाईपटू आणि मध्यरेषा यांच्या मधे, मांडीला किंवा कंबरेला. तीन आठवड्यांच्या संघात नेमके उलटे दिसते. तिघेही त्याच पायावर पडतात, छाती आणि हात मोकळे राहतात, आणि पोरगा तिघांना ओढत मध्यरेषा गाठून तीन गुण घेऊन जातो. बातमीत ती 'अव्वल चढाई' म्हणून येते. खरे तर ती कव्हरची चूक असते, आणि तिच्या मागे जून ते ऑगस्टमध्ये न झालेला सराव असतो.

साखळीचेही तेच. दोघांनी हात धरून एकाच अंगाने सरकायचे, पण हात धरायचा कसा हे कुणी सांगत नाही. बोटांत बोटे गुंफली की हिसका बसल्यावर बोट मुरगळते, कधी मोडते. चारही बोटांचा आकडा करून समोरच्याच्या आकड्यात अडकवायचा, म्हणजे गरज पडताच सुटतो. साखळीतला एक पुढे गेला आणि दुसरा जागीच राहिला, तर मधल्या फटीतून चढाईपटू हाताचा स्पर्श करून निघून जातो. शिवाय झटापट सुरू होण्याआधी बाजूच्या राखीव क्षेत्रात (दोन्ही कडांच्या पट्ट्यांत) पाय पडला तर बचावपटू स्वतःच बाद. कडेच्या पोरांना ही रेषा न पाहता कळावी लागते. त्यासाठी आठवडेच्या आठवडे त्याच रेषेवर सरकण्याचा सराव लागतो, तोही चढाईपटूवरची नजर न हटवता.

मुलींच्या संघाला मुलांच्या सरावाची नक्कल करायला लावतात, हा आणखी एक प्रकार. त्यांचे मैदान १२ बाय ८ मीटर. निदानरेषा मध्यरेषेपासून ३ मीटरवर, बोनस ४ वर. बोनसच्या मागे त्यांना दोन मीटर मिळतात, मुलांपेक्षा पाव मीटर जास्त, पण रुंदी दोन मीटरने कमी. म्हणजे कोपऱ्याला मागे सरायला जागा आहे आणि चढाईपटूला आडवे पळायला कमी. त्यांचा बचाव वेगळा बसवावा लागतो. मुलांच्या मैदानावर सराव करून आलेल्या मुली पहिल्या दहा मिनिटांत रेषा शोधत राहतात.

आता सोलापूरच्या मातीबद्दल. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात बोटभर भेगाळते आणि पावसात तळव्याला किलोभर चिकटते. त्यातून सोलापुरात मोठा पाऊस येतो तो सप्टेंबरात, ऐन स्पर्धेच्या तोंडावर. या मातीवर सूर मारून घोटा धरायला कुणी धजत नाही, आणि न धजणारा पोरगा सामन्यातही धजत नाही. मैदान नीट करायचे तर वरची काळी माती सहा इंच काढून, खाली मुरूम दाबून, वर चाळलेली तांबडी माती घालायची. १३ बाय १० मीटरला सहा इंचांच्या थरासाठी साधारण सात ब्रास माल लागतो, भोवतीची मोकळी जागा वेगळी. पाणी निघून जायला मधून कडेकडे किंचित उतार ठेवायचा. रोज सरावाआधी हलके पाणी मारायचे आणि आठवड्यातून एकदा दंताळे फिरवून खडे वेचायचे. हे काम एप्रिल-मेमध्ये होते, ऑगस्टमध्ये होत नाही. पण त्या वेळी महाविद्यालयाकडे प्रशिक्षकच नसतो, मग मैदान कुणाच्या सांगण्यावरून होणार?

मॅटचा प्रश्न वेगळा. मॅटवर पाय धरतो, घसरत नाही. चढाईपटू जागेवर वळतो, म्हणून कोपऱ्याची वेळ आणखी आधी हवी. मातीवर धक्का खाल्लेला चढाईपटू घसरून बाहेर जातो, मॅटवर तो पाय रोवून उभा राहतो, म्हणून धक्का खांद्याने, खालून वर द्यावा लागतो. अनवाणी खेळलेल्या पोरांची अंगठ्याची नखे जातात, सूर मारणाऱ्यांचे गुडघे आणि कोपरे सोलवटतात, आणि रुतलेल्या पायावर अंग फिरले की गुडघा जातो. स्पर्धा मॅटवर असेल तर निदान शेवटचे दोन आठवडे मॅटवर, बूट घालून सराव हवा. आदल्या दिवशी नवे बूट वाटणे म्हणजे फोड वाटणे.

हे सगळे ज्याला कळते त्या माणसाचे आयुष्य कसे जाते, हे पाहण्यासारखे आहे. पंचविशीपर्यंत तो स्वतः खेळतो. मग दोन वाटा असतात. बी.पी.एड.ची (शारीरिक शिक्षणाच्या पदवीची) दोन वर्षे काढायची, किंवा एमआयडीसीत, यंत्रमागावर किंवा दुकानात नोकरी धरून संध्याकाळी मंडळाची पोरे घडवायची. काही जण पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करतात, थोडे जण वर्षाची पदविका. पण महाविद्यालयात मंजूर पद असते ते शारीरिक शिक्षण संचालकाचे, एकच. त्याला शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी आणि नेट-सेट किंवा पीएच.डी. लागते. त्या एका माणसाच्या गळ्यात कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे खेळ, प्रवेशपत्रिका, बिले आणि परीक्षांची ड्यूटी असते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. कबड्डीच्या बचावासाठी येणारा माणूस म्हणून कायम बाहेरचाच राहतो. शिबिरापुरता, मानधनावर, आणि ते मानधनही बिल मंजूर झाल्यावर. तिशीत घरसंसार मागे लागला की तो पंच परीक्षा देतो आणि शिट्टी हातात घेतो, कारण पंचाला सामन्याचे पैसे त्याच दिवशी मिळतात. जिल्ह्यातल्या अनेक चांगल्या पंचांमध्ये असा एक न झालेला प्रशिक्षक दडलेला आहे. खेळाला पंचही हवेत, पण सौदा एकतर्फी आहे.

यावर कुणी म्हणेल, बचावाला वेगळा माणूस हे जरा अतीच झाले. अमेरिकेत अंडाकृती चेंडूचा जो फुटबॉल खेळतात, त्यात तिसऱ्या श्रेणीची महाविद्यालये खेळासाठी शिष्यवृत्तीसुद्धा देत नाहीत, तरी त्यांच्याकडे बचावाची जबाबदारी घेणारा वेगळा प्रशिक्षक असतो. पदव्युत्तर शिक्षण घेता घेता सहायक, मग एखाद्या जागेच्या खेळाडूंचा प्रशिक्षक, मग संपूर्ण बचावाचा प्रमुख, अशी त्याची शिडी ठरलेली. तिथे बचावाचे अकरा वेगळेच असतात म्हणून ते जमते, असा यावर आक्षेप येईल. तो बरोबर आहे. पण आपल्याकडे तेच सात जण दोन्ही कामे करतात, म्हणून दोन्ही कामे एकाच तासात उरकता येतील असे होत नाही, उलट वेळ जास्त लागतो.

बचावाला बाजारात किंमत नाही असेही नाही. प्रो कबड्डीच्या २०२३ च्या लिलावात इराणच्या मोहम्मदरझा शादलूईसाठी पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाख मोजले, आणि त्याची मुख्य ओळख डाव्या कोपऱ्याची. त्याच लिलावात फझल अत्राचलीला गुजरातने १ कोटी ६० लाखांना घेतले, तोही डावा कोपरा. इराणच्या या पोरांमागे कुस्तीचा पाया आहे असे म्हणतात. मग तालमी आपल्याकडे काय कमी आहेत? पट काढणारा (समोरच्याचे पाय ओढून पाडणारा) पोरगा मांडीची पकड चार दिवसांत शिकतो. त्याची एकच खोड मोडावी लागते, समोरून छातीवर जाण्याची. पण खोड मोडायला समोर कुणीतरी उभे असावे लागते.

प्रशिक्षकाचे म्हणाल, तर २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या महिलांनी अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असे हरवले, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या. पुरुषांमध्येही उपांत्य फेरीत इराणने भारताला २७-१८ असे रोखले. अख्ख्या सामन्यात १८ गुण! हा बचावाचाच निकाल होता.

आमचे म्हणणे मोठ्या योजनेचे नाही. शहरातली तीन छोटी महाविद्यालये मिळून एक बचाव प्रशिक्षक ठेवू शकतात. प्रत्येकाकडे आठवड्याचे दोन दिवस, जून ते जानेवारी, मानधन दरमहा आणि वाटून. तालुक्याच्या महाविद्यालयांत संध्याकाळचा सराव एसटीच्या वेळेवर मोडतो, तिथे सकाळी सहा ते साडेसात ठेवावा. जूनचे पहिले तीन आठवडे खरी पकड अजिबात नको. फक्त उभे राहण्याची ढब, आडवे सरकणे, पडायला शिकणे, मान आणि खांदे. जुलैत अर्ध्या वेगाने घोटा आणि मांडी, एकास एक. मग एकावर दोन, एकावर तीन, तेही अर्ध्या रुंदीत. सातांचा पूर्ण बचाव ऑगस्टच्या मध्यापासून. एका सरावात एका पोराकडून पूर्ण जोराच्या पंधरापेक्षा जास्त पकडी घेऊ नयेत. त्यापुढे शिकणे थांबते आणि बोटे, खांदे, घोटे बोलू लागतात.

या माणसाकडून हिशेबही मागावा. शंभरपानी वही पुरते. समोरच्या प्रत्येक चढाईची एक ओळ: चढाईपटूचा क्रमांक, कोणत्या बाजूने आला, स्पर्श हाताचा की पायाचा, पहिला कोण गेला, साथ आली की नाही, निकाल काय. पकड फसली तर कारण एका अक्षरात, 'घ' म्हणजे घाई, 'ए' म्हणजे एकटा गेला, 'त' म्हणजे साखळी तुटली, 'रा' म्हणजे राखीव क्षेत्र. चार सामन्यांची वही चाळली की कळते की 'घ' एकाच पोराच्या नावावर आहेत आणि 'ए' सामन्याच्या उत्तरार्धात वाढतात, म्हणजे कव्हर दमतो आहे. मोबाइल आपल्या अंतिम रेषेच्या मागे, डोक्याच्या वर दीड-दोन फुटांवर बांधला तर सातही जण दिसतात. बाजूने केलेल्या चित्रणात साखळी एकमेकांत लपते आणि काही कळत नाही. विद्यापीठ एका जिल्ह्याचे, महाविद्यालये हाकेच्या अंतरावर. अशा वह्या एकत्र ठेवल्या तर विद्यापीठाचा संघ निवडताना गेल्या सामन्यातल्या एका चमकदार पकडीवर निवड होणार नाही.

आपल्याकडे एक मागणी आहे, आणि तिला खर्च नाही. सामन्याच्या बातमीखाली छोटी चौकट द्यावी: प्रत्येक संघाने किती पकडींचा प्रयत्न केला, किती साधल्या, अव्वल पकडी किती, आणि पहिला हात कुणाचा. यातली अर्धी माहिती सरपंचांच्या, म्हणजे मुख्य पंचांच्या, टेबलावरच्या गुणपत्रिकेत मिळते. उरलेल्यासाठी बातमीदाराने संघाच्या बाकाकडे जावे. एका टोकाला वही घेऊन बसलेला कुणीतरी असेल, त्याला विचारावे.

आपले,
कबड्डीच्या मैदानावरचे काही प्रशिक्षक,
सोलापूर